आवसेला डंका बंद

अमावस्येच्या दिवशी पाण्याच्या दोन कळशा घेऊन मी जिना न थांबता चढले, एवढाच माझा गुन्हा.

फाल्गुनातली अमावस्या होती, दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढीची काठी धुवायची म्हणून खालच्या नळावरून पाणी आणत होते. वर आले, कळशा टेकवल्या, पदर खोचला आणि काहीतरी गुणगुणत काठीला हात घातला. आत्या उंबऱ्यात बसून साखरेच्या गाठी सुताला बांधत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांचा हात थांबला.

"आज बरा दम पुरतोय गं तुला."

"हो आत्या. बरं वाटतंय आज."

"काल पायरीपायरीला बसत हुतीस. आन् आज गानं?"

मी हसले. तेही चुकलंच.

"मागल्या आवसेला बी असंच बरं वाटलं हुतं," त्या हळूच म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी पाठीमागे कुणी उभं आहे का म्हणून वळून बघितलं.

आता घराचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं घर विट्याला, भर वस्तीत. खाली मिरची कांडपाचा डंका आणि वर फळ्यांची माडी, त्या माडीवर आमचा संसार. डंका म्हणजे लोखंडी मुसळं. मोटर चालू केली की ती एकामागून एक उचलली जातात आणि खालच्या उखळात धाडधाड आदळतात. माघापासून पाऊस लागेपर्यंत चटणीचा हंगाम. बायका मिरच्या, खोबरं, धने भाजून पोती-पिशव्या घेऊन दारात रांगा लावायच्या. मुसळांपुढे बसायच्या आत्या आणि चाळायला मी. संध्याकाळी केस झटकले तर खाली लाल रांगोळी पडायची. त्या फळ्यांच्या फटींतून मिरचीचा खाट, तो नाकाला झोंबणारा उग्र वास, वर यायचा, अंथरुणात यायचा, दुधाच्या पातेल्यात यायचा.

लग्न होऊन आले तेव्हा मी धडधाकट होते. माहेर जतकडचं, दुष्काळी. विहिरीचं पाणी शेंदून वाढलेली मी. शाळेत खो-खो खेळायचे. दुसऱ्या हंगामात खोकला लागला आणि तिसऱ्यात छातीत मांजर घुरघुरायला लागलं. पहाटे उठून बसायचं, गुडघ्यांवर हात टेकायचे, आणि श्वास बाहेर पडायची वाट बघायची. लोकांना वाटतं श्वास आत जात नाही. आत जातो हो. बाहेर पडत नाही.

"कामाचा कंटाळा," असं आधी ठरलं. मग "सर्दीचा कोठा". मग "मूल न्हाई म्हनून मनाला लावून घेतलंय". गावातल्या डॉक्टरने खोकल्याची लाल बाटली दिली, ती संपली की तीच पुन्हा. डंक्याचं नाव कुणी काढलं नाही. कसं काढणार? आत्या त्याच डंक्यावर म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि मिरचीनं कधी कुणाला काही होतं का?

आणि दर अमावस्येला डंका बंद. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. ते गेले तरी रीत राहिली. मोटरीला हळदकुंकू लावायचं, दाराला लिंबू-मिरची बांधायची, नारळ फोडायचा आणि दिवसभर मुसळ उचलायचं नाही. त्या दिवशी माझी छाती मोकळी व्हायची. मला वाटायचं, विश्रांती मिळते म्हणून असेल. आत्यांना वेगळंच वाटलं.

नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. आता घेते. उत्तम.

"अहो, आत्या काहीतरी मनात धरून बसल्यात," मी त्याला म्हणाले.

"धरू दे. आईचं वय झालंय," म्हणाला आणि मोटरीचा पट्टा ताणायला खाली गेला. एवढंच त्याला येत होतं.

पाडवा झाला आणि आत्यांनी म्हाळू देवरुष्याला बोलावणं धाडलं. तो आला, चहा प्याला, माझी नाडी बघितल्यासारखं केलं. मग आत्यांनी त्याला आवसेचं सांगितलं. त्याने डोळे मिटले.

"आवसेला त्याला जोर येतो," तो म्हणाला. "जोर आला की बाई खुशीत दिसती. ती खुशीत नसती. तो खुशीत असतो."

"कोण तो?" मी विचारलं.

"बघा, कसं उलट बोलतंय," म्हाळू आत्यांना म्हणाला.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण घरातल्या सगळ्या माना हलल्या. उपाय ठरला: येत्या अमावस्येला, दिवेलागणीला, मिरचीची धुरी. मिरचीला काय तोटा आमच्याकडे?

चैत्रातली अमावस्या आली. सकाळी उठले ती मोकळ्या छातीनं. महिन्यातला माझा एकच दिवस. मी अंगण सारवलं, पुरणाची डाळ शिजत घातली. संध्याकाळी परड्यात घमेलं आणलं, त्यात निखारे. आत्यांनी खालच्या पोत्यातून लवंगी मिरच्या ओंजळीने उचलून आणल्या. गल्लीतल्या बायका कुंपणाला येऊन टेकल्या. मी उत्तमकडे बघितलं. तो दारात उभा होता, चौकटीला हात लावून.

"अहो," मी म्हणाले.

"एकदा होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "आईचं समाधान."

माझ्या डोक्यावरून घोंगडं टाकलं. घमेलं पुढ्यात सरकवलं. मिरच्या तडतडल्या. मी उठायला लागले तर कुणीतरी मानेमागे हात घालून माझं तोंड खाली दाबलं. घोंगड्याच्या आत, माझ्या शेजारी. आत्या होत्या. त्याही आत शिरल्या होत्या, डोक्यावर तेच घोंगडं घेऊन. मला वाटलं, मी पळू नये म्हणून. त्या खोकत होत्या, पण हात सोडत नव्हत्या.

"बोल, जातोस का न्हाई," बाहेरून म्हाळू म्हणत होता.

मी कशी बोलणार? बोलायला श्वास लागतो. पहिल्या घोटाला छाती गच्च झाली, दुसऱ्याला आतून दार लागल्यासारखं झालं. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, इथे तर रेड्याच्या नरड्यातच निखारा घातला. मी हातपाय झाडले ते 'त्याने' झाडले असं बाहेर ठरलं. मग झाडायचे बंद झाले. घोंगडं बाजूला झालं तेव्हा माझे ओठ निळे पडले होते म्हणतात. मला आठवतं ते इतकंच की शेजारी जमिनीवर आत्याही आडव्या होत्या आणि कुणाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं.

उत्तमने मला जीपमध्ये घातलं. गावातल्या दवाखान्यात तोंडाला वाफेचा मुखवटा लावला, शिरेत इंजेक्शनं दिली. त्या डॉक्टरने लाल बाटलीचं नावही काढलं नाही. "सांगलीला छातीच्या डॉक्टरांना दाखवा," म्हणाला. "आणि लवकर."

सांगलीला आम्ही तिघं गेलो. आत्या हट्टाने आल्या; डॉक्टरला खरं काय ते कुणीतरी सांगायला नको? डॉक्टर मगदूम म्हणून बाई होत्या, बारीक, चष्मेवाल्या. त्यांनी आधी काही तपासलंच नाही. नुसते प्रश्न. खोकला कोरडा की ओला? पहाटे उठवतो का? घरघर होते का? पायऱ्या चढताना? हसताना? लहानपणी असं काही? घरात कुणाला? इतके प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारले नव्हते.

"त्रास कमी कधी असतो?" त्यांनी विचारलं.

माझ्या आधी आत्या पुढे सरकल्या. "आवसेला. दर आवसेला टणटणीत असती बगा. आता तुमीच सांगा डाक्टरीनबाई, ह्याला काय म्हनायचं?"

मगदूमबाईंचं पेन थांबलं. हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत.

"अमावस्येला घरात काय वेगळं असतं?"

"काय असनार? नारळ फोडतो. लिंबू बांधतो. मोटरीला हळदकुंकू लावतो."

"मोटरीला?"

"डंक्याच्या," आत्या म्हणाल्या. "आमचा मिरचीचा डंका हाय."

"आणि हळदकुंकू लावलं की ती चालते?"

उत्तम बोलला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज खाली खाली गेला.

"न्हाई मॅडम. आवसेला डंका बंद असतो."

मी उत्तमकडे बघत होते. इतकी वर्षं त्या घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. दाराला लिंबू बांधणाराही तोच आणि मोटरीचा खटका पाडणाराही तोच. दोन आणि दोन समोर मांडलेले होते आणि चार म्हणायला सांगलीला यावं लागलं.

"माहेरी गेल्यावर कशा असतात ह्या?" बाईंनी विचारलं.

"बरी असती," उत्तम म्हणाला.

"तितंच बरी असती," आत्या म्हणाल्या. "आमच्यातच काय हुतंय तिला? लग्नाच्या आदीचंच असनार. आमाला फसवलं."

"आजी, तिकडे बरी आणि इकडे आजारी, तर दुखणं तिकडून आलं कसं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "पण नुसत्या बोलण्यावर मी काही ठरवत नाही. चला, फुंकायचं आहे."

शेजारच्या खोलीत यंत्र होतं. नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. "छाती भरून घ्या, आणि आता फुंका, जोरात, सगळा, अजून, अजून, थांबू नका." मी फुंकलं. पडद्यावर रेघ थोडी वर गेली आणि झोपली. दम खाऊन पुन्हा. पुन्हा तेच. बाईंनी मला मोठ्या बाटलीसारख्या नळकांड्यातून पंपाचं औषध ओढायला लावलं आणि बाकावर बसवून ठेवलं. चांगला वेळ गेल्यावर पुन्हा फुंकायला बोलावलं.

या खेपेला रेघ वर चढली. मलाच कळलं, छातीतून हवा अशी निघाली जशी माहेरच्या विहिरीवर निघायची. बाईंनी दोन्ही रेघा एकावर एक काढून उत्तमपुढे धरल्या.

"ही औषधाआधीची, ही नंतरची. श्वासाच्या नळ्या आवळलेल्या होत्या, औषधानं उघडल्या. भूत काही पंपानं पळत नाही. हा दमा आहे."

"दमा म्हाताऱ्यांना हुतो," आत्या म्हणाल्या.

"कुणालाही होतो. आणि ह्यांना धुरी दिली होती म्हणालात ना? ती पुन्हा दिलीत तर मी काही करू शकणार नाही. तुम्हीही करू शकणार नाही." त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. माझ्या वतीने कुणीतरी रागावलं, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

जाताना त्यांनी एक नळी घरी दिली, पिचकारीएवढी. फुंकलं की तिच्यावरचा काटा सरकायचा. काटा कुठे थांबला तर बरं हे कळावं म्हणून त्यांनी एक हिरवी पट्टी चिकटवली आणि खाली एक लाल. "डंक्यापायी हे दुखणं आहे असं मला वाटतं, पण ते तुम्हाला डोळ्यांनी दिसू दे," त्या उत्तमला म्हणाल्या. "ह्यांनी खाली बसायचं नाही. पंप रोज घ्यायचा. आणि रोज संध्याकाळी समोर उभं राहून काटा तुम्ही बघायचा. डंका चालू असताना आणि बंद असताना. अर्धं औषध मी दिलंय. अर्धं तुमच्याकडे आहे."

मी खाली बसायची थांबले. पण खाट कुठे थांबतो? फटींतून वर यायचाच. पंपानं धडपणे झोप लागायला लागली होती, तरी दिवसभर मुसळं आदळली की संध्याकाळी काटा लाल पट्टीपाशी लोळायचा. उत्तम समोर उभा राहून बघायचा. अगदी रोज. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना.

"बघितलंत?" मी विचारायचे.

"बघितलं."

"मग?"

"हंगाम संपू दे," तो म्हणायचा. "भर वैशाखात डंका हलवायचा म्हणजे गिऱ्हाईक तुटतं. पावसाळ्यात बघू काय तरी."

पहिल्या दिवशी मी ऐकून घेतलं. मग रोज तेच. माझा काटा लालवर आणि ह्याचा हंगामावर. दिसत नव्हतं तोवर मी त्याला आंधळा समजत होते, दिसल्यावर कळलं की आंधळा बरा होता. वैशाखातल्या अमावस्येला मी पिशवी भरली. दुपारच्या एसटीने जत गाठायचं आणि परत यायचं नाही, असं ठरवूनच.

सगळं भरलं, नळी तेवढी सापडेना. खिडकीतल्या फळीवर असायची. मी माडी धुंडाळली, खाली उतरले. डंका गप्प होता, मोटरीवर सकाळचं कुंकू. पोत्यांच्या आडून बारीकसा आवाज आला. बघते तर आत्या भिंतीकडे तोंड करून बसल्यात आणि नळी तोंडात.

"आत्या."

त्या दचकल्या. नळी पदराखाली गेली. "बगत हुते. काय मोठं त्यात."

"परत फुंका."

"कशाला?"

"फुंका, आत्या."

त्यांनी पदर सारला. छाती भरायचा प्रयत्न केला, खांदे वर गेले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि फुंकलं. काटा लाल पट्टीपर्यंतसुद्धा आला नाही. आणि त्या दिवशी डंका बंद होता.

"कधीपासून?"

त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "उत्तम पोटात हुता तवापासनं."

"आणि आवसेला?"

"आवसेला बरं वाटायचं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्यात हाय काय तरी. कुनाला सांगनार? तुझ्या मामंजींना कळलं असतं तर माहेरी नेऊन टाकलं असतं. गप बसले. मग वयच झालं, तवा लोक म्हनाय लागले म्हातारी दमती. मग तू आलीस. तुला बी आवसेलाच बरं वाटाय लागलं. म्हटलं, माझ्यातलं पोरीत गेलं."

"आणि धुरी?"

"म्हनून तर मी बी आत शिरले हुते." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "म्हटलं, दोघींचं बी जाईल."

दया यायला हवी होती. शहाण्या बायकांना आली असती. मला आला तो राग.

"श्वास कोंडला की कसं होतं, हे ह्या घरात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला नव्हतं. आणि माझं मुंडकं तुम्हीच दाबलंत."

"व्हय."

"मी मेले असते."

"व्हय गं वैजंता," त्या म्हणाल्या. मग माझं मनगट धरलं, त्याच हाताने. "उत्तमला सांगू नगंस. ह्या वयात लोकास्नी कळलं तर काय म्हनतील."

"माझं होतं तेव्हा देवरुषी बोलावलात. कुंपणाला गल्ली गोळा झाली होती. तुमचं मात्र पदराखाली?"

मी मनगट सोडवलं, दारात गेले आणि उत्तमला हाक मारली.

तो आला. मी काही सांगितलं नाही. नळी आत्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "बघा. तुम्हाला काटा बघता येतो ना?" आत्यांनी फुंकलं. उत्तमने बघितलं. पुन्हा फुंकायला लावलं. मग तिथेच पोत्यावर बसला, आणि त्याचा चेहरा कसा झाला ते मी उभी राहून बघितलं. माझ्या काट्याला तो चेहरा कधीच झाला नव्हता.

हंगामाचं नाव त्याने काढलं नाही. दुपारची एसटी मी जाऊ दिली, पण पिशवी सोडली नाही. ती जिन्याच्या तोंडाशी उभीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या बायका आल्या, भाजलेल्या मिरच्यांची फडकी घेऊन. उत्तमने डंक्याचं दार उघडलंच नव्हतं. बाहेरून कुलूप घालून तो पायरीवर उभा होता.

"डंका बंद," तो म्हणाला. "वस्तीबाहेर शेड बघतोय, तवर दुसरीकडं जावा. माझ्या आईच्या छातीला सोसत न्हाई."

बायकांनी चुकचुक केली. द्वारकाबाईंनी, म्हणजे आत्यांनी, किती केलं घरासाठी, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, पोरगा असावा तर असा. महिनाभरापूर्वी ह्याच बायका परड्याच्या कुंपणाला टेकून उभ्या होत्या.

मी जिन्यात होते, हात पिशवीवर.

"अहो," मी म्हणाले. ओरडले नाही, त्या दिवशी ओरडायची गरज नव्हती, मुसळं बंद होती. "आईच्या नाही. दोघींच्या म्हणा."

त्याने मान वर केली. बायकांनीही केली. आत माडीवर आत्यांचा खोकला थांबला. उत्तमने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि मग बायकांकडे वळून ते वाक्य त्याने पुन्हा म्हटलं, नीट.

तेव्हा मी पिशवीची गाठ सोडली.